काडतुसाची निवड आणि शिवाराची राखण

पौषातील रात्र. जाम आणि कन्हान ह्या नद्यांच्या काठचे शिवार थंडीने आकसलेले असते. हरभरा घाट्यावर आलेला, तुरीच्या शेंगा भरलेल्या, संत्र्याच्या झाडांवर मृग बहाराची फळे रंग धरू लागलेली. अशा वेळी पांढुर्णा आणि सौंसर ह्या भागातला शेतकरी घरी निजत नाही. अंगावर घोंगडी, हातात विजेरी आणि शेजारी पेटती शेकोटी घेऊन तो माळ्यावर जागल करीत बसतो. मध्यरात्रीनंतर बांधापलीकडे हुंकार ऐकू येतो, पाचोळा वाजतो, आणि पहाटे पाहावे तो अर्धा एकर हरभरा नांगरल्यासारखा उलथलेला असतो. रानडुकरांचा कळप येऊन गेलेला असतो.

अशा रात्रीनंतर गावात बंदुकीची गोष्ट निघतेच. कोणी म्हणतो, छर्रे पुरेत. कोणी म्हणतो, एकच जड गोळी हवी. तिसरा रायफलीशिवाय काही खरे नाही असे ठामपणे सांगतो. चर्चा ऐकण्यासारखी असते, परंतु तिच्यात अनुभवापेक्षा ऐकीव गोष्टींचा भाग अधिक असतो. काडतुसाची निवड हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. चुकीच्या गोळीने जनावर मरत नाही, जखमी होते. ते दोन-तीन दिवस तडफडते, आणि पिसाळलेल्या अवस्थेत दुसऱ्या दिवशी शेतावर आलेल्या निरपराध माणसावर धावून जाते. म्हणूनच ह्या विषयाची शास्त्रीय बाजू आणि कायद्याची बाजू एकत्रच समजावून घ्यावयास हवी.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असत. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली ह्याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, पूर्वेकडे पेंचचे जंगल, आणि मध्ये कापूस, मका, भुईमूग व संत्र्यांच्या बागा अशी ह्या भागाची ठेवण आहे. जंगल आणि शेत ह्यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी एका नाल्याचेच अंतर. चितळ, रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर ह्यांना हा नाला ओलांडावयास कितीसा वेळ लागणार? नव्या लावणीच्या संत्राबागेत पहिली काही वर्षे हरभरा किंवा भुईमूग असे आंतरपीक घेतात. डुक्कर येते ते ह्या आंतरपिकासाठी. पण ते खाताना मातीबरोबर कोवळी कलमेही उलथून टाकते. पिकाचे नुकसान एका हंगामाचे असते, कलमांचे मात्र पाच-सहा वर्षांचे.

आता प्रथम कायदा. पूर्वी मध्य प्रांताच्या जंगलांत परवाना काढून शिकार करता येत असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर कडक बंधने पडली. १९९१ च्या दुरुस्तीने तर हौसेच्या शिकारीचे दार कायमचे बंद झाले. चितळ असो, सांबर असो वा डुक्कर, मौजेखातर किंवा मांसाखातर त्याच्यावर बंदूक उचलणे हा आज गुन्हा आहे. तथापि ह्याच कायद्याच्या अकराव्या कलमात एक अपवाद ठेवलेला आहे. एखादे जनावर माणसाच्या जिवाला अथवा उभ्या पिकासह त्याच्या मालमत्तेला धोकादायक झाले असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि त्याच्या बाबतीत ही परवानगी मिळू शकते. मात्र अशा परवानगीने मारलेले जनावर सरकारच्या मालकीचे ठरते. त्याचे मांस घरी नेता येत नाही. तेव्हा काडतुसाचा विचार करावयाचा तो केवळ ह्या मर्यादेत: परवानगी हाती असलेला, शस्त्राचा परवाना असलेला आणि नेमबाजी जाणणारा माणूस जनावराला कमीत कमी यातना देऊन आपले काम कसे पुरे करील, एवढ्यापुरता.

दुसरा कायदा शस्त्रांचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलेले शस्त्र म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर चिंधी ठासावयाची, मग छर्रे किंवा गोळी, आणि मागे टोपी बसवावयाची, असा तिचा प्रकार. आवाजाने कळप पळवून लावण्यास ती उत्तम. परंतु मारण्याचे साधन म्हणून तिच्यात दोन मोठे दोष आहेत. दारूचे माप दर वेळी सारखे पडत नाही, म्हणून गोळीचा वेगही सारखा राहत नाही. आणि पहिला बार चुकला तर दुसरा भरण्यास जो वेळ लागतो तेवढ्यात जखमी डुक्कर एक तर अंगावर आलेले असते किंवा नाल्यात नाहीसे झालेले असते.

ह्यानंतरची पायरी बारा बोअरच्या बंदुकीची. ‘बारा बोअर’ ह्या नावामागे एक जुने मोजमाप आहे. एक पौंड शिशाच्या अगदी सारख्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे अशी एक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची झाली. ह्या बंदुकीच्या काडतुसात निरनिराळ्या आकारांचे छर्रे भरलेले असतात. पाखरांसाठी बारीक, आणि मोठ्या जनावरांसाठी ‘एस. जी.’ व ‘एल. जी.’ ह्या नावांचे जाड. एस. जी. च्या एका साध्या काडतुसात साधारण नऊ छर्रे बसतात. नऊ गोळ्या एकदम सुटतात म्हणजे नेम चुकण्याची भीती नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूतच घातक आहे.

छर्रे नळीबाहेर पडताच पसरू लागतात. वीस-पंचवीस पावलांवर ते एकत्र असतात, पण चाळीस पावलांपलीकडे नऊपैकी दोन-तीनच अंगाला लागतात, आणि तेही कुठे लागतील ह्याचा नेम नसतो. एका छर्‍याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. तो गोल असल्यामुळे हवेत त्याचा वेगही झपाट्याने घटतो. सेकंदाला ३०० मीटर वेग उरला असे धरले, तरी त्या एका छर्‍याच्या अंगी जेमतेम दीडशे जूल शक्ती असते. एवढ्या शक्तीचा छर्रा हरणाच्या पोटात शिरतो, पण त्याला जागेवर पाडीत नाही. डुकराच्या खांद्यावर तर तो वरवरच अडकतो. म्हणून अनुभवी माणूस जाड छर्रे फार जवळच्या अंतरापुरतेच राखून ठेवतो, आणि बारा बोअरमधून थोडे पुढे मारावयाचे असेल तर एकसंध गोळीचे काडतूस घेतो. अशी गोळी जड असते आणि खोल जाते. परंतु गुळगुळीत नळीतून ती सुटत असल्यामुळे साठ-सत्तर पावलांपलीकडे तिचाही भरवसा धरता येत नाही.

खरी अचूकता येते ती रायफलीत. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, आणि भोवरा फिरता असेपर्यंत जसा उभा राहतो तशी ती आपली दिशा धरून ठेवते. ह्या शास्त्राचा सातपुड्याशी जुना संबंध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १८६२ साली पचमढीच्या पठारावर आलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथामुळे प्रसिद्ध आहे. परंतु शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या ह्या विषयावरही त्याने एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्या काळी लष्करात लांबट गोळ्यांचा बोलबाला झाला होता. जंगलातील अंतरे थोडी असतात. तेथे मोठ्या तोंडाची, मंद पिळाच्या खाचांची रायफल, भरपूर दारू आणि शिशाची गोल गोळी हाच मेळ उत्तम, असे फोर्सिथचे मत होते. पुढे धूरविरहित दारू आली आणि त्याची गोल गोळी मागे पडली. तरी त्याच्या विचारातले मर्म आजही खरे आहे. गोळी निवडावयाची ती कागदावरच्या मोठ्या आकड्यांवरून नव्हे, तर जनावर, अंतर आणि रान पाहून.

आपल्या देशात परवानाधारकाच्या हाती सामान्यतः जी रायफल दिसते, ती ३१५ बोअरची. ह्या मापामागेही इतिहास आहे. ब्रिटिश फौजेची रायफल ३०३ बोअरची होती. फौजेची काडतुसे चोरीस जाऊन लोकांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने ते माप खाजगी वापरास बंद केले. मग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या एका जुन्या काडतुसाचे माप शिकारी रायफलींसाठी येथे रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ह्याच मापाच्या रायफली तयार होऊ लागल्या. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात होतात. १८६९ साली स्थापन झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया ह्या सरकारी कंपनीत आहे. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसेही त्याच कारखान्याची.

३१५ च्या काडतुसातील गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ १६ ग्रॅमची असते. सेकंदाला ६०० मीटर वेग धरला तर तिची शक्ती २,८०० जुलांच्या घरात जाते. मघाच्या एका छर्‍याशी तुलना केली तर ही शक्ती अठरा पटींहून अधिक भरते, आणि ती सगळी एकाच जागी लागते. परंतु शक्ती किती आहे एवढ्यावरच भागत नाही. ती जनावराच्या शरीरात खर्च होते की त्याच्या आरपार निघून जाते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर गोळीच्या कवचात आहे.

रायफलीची गोळी शिशाची असली तरी तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते, नाही तर वेगामुळे शिसे नळीच्या खाचांत माखून जाईल. कवच टोकासकट सर्वांगावर असेल तर गोळी आकार न बदलता सरळ आरपार जाते. मागे राहते ते सुईने टोचल्यासारखे भोक. जनावर पळते, रक्त फारसे सांडत नाही, माग लागत नाही, आणि ते कुठे तरी झुडपात तासन्‌तास मरत पडते. टोकाचे शिसे उघडे ठेवले तर गोळी अंगात शिरताच छत्रीसारखी उमलते, आपली शक्ती तेथेच देऊन टाकते आणि मोठी जखम करते. हिला ‘सॉफ्ट नोज’ म्हणजे मृदुमुखी गोळी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात फौजेसाठी अशा गोळ्या तयार झाल्या, आणि त्या गावाचे नाव जगभर झाले. १८९९ साली हेग येथील परिषदेने युद्धात त्या वापरू नयेत असे जाहीर केले. माणसाच्या बाबतीत जी गोळी क्रूर म्हणून निषिद्ध ठरली, तीच जनावराच्या बाबतीत दयेची ठरावी, हे वरकरणी विचित्र वाटेल. पण हेतूच भिन्न आहे. युद्धात शत्रूला लढण्यास असमर्थ केले म्हणजे काम झाले. येथे जिवाला क्षणात वेदनेपलीकडे न्यावयाचे असते.

हरीण आणि डुक्कर ह्यांच्या शरीररचनेत पुष्कळ अंतर आहे. चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा. कातडी पातळ, फासळ्या नाजूक. पूर्वीच्या शिकारी त्याच्यासाठी हलकी, वेगवान आणि चटकन उमलणारी गोळी पसंत करीत. डुकराच्या मोठ्या नराचे वजन शंभर किलोच्या वर जाते, आणि आपसातील झुंजींत सुळ्यांचा मार झेलण्यासाठी त्याच्या खांद्यांवर चिवट कूर्चेची जाड ढाल असते. चितळासाठी योग्य असलेली फार हलकी गोळी ह्या ढालीवरच उमलून फुटते आणि आतपर्यंत पोचत नाही. म्हणून डुकरासाठी गोळी जड हवी, उमलणारी हवी, पण तिचे उमलणे सावकाश हवे. ३१५ ची २४४ ग्रेनची मृदुमुखी गोळी ह्या कसोटीस सहज उतरते. नेम धरण्याच्या जागेतही फरक आहे. हरणाच्या छातीचा पोकळ भाग पुढच्या पायामागे थोडा वरपर्यंत पसरलेला असतो. डुकराचे हृदय मात्र पुढच्या दोन पायांमध्ये, पुष्कळ खाली असते. हरणाच्या सवयीने डुकरावर नेम धरला की गोळी वरून जाते. पाठीच्या ताठ केसांमुळे डुक्कर आहे त्याहून उंच दिसते, हेही ह्या चुकीचे एक कारण.

अंतराचा हिशेब सर्वांत शेवटी, पण तो सर्वांत महत्त्वाचा. कोणतीही गोळी नळी सोडताच खाली येऊ लागते. सेकंदाला ६०० मीटर वेगाची गोळी शंभर मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून सुमारे १५ सेंटिमीटर उतरते. दर्शनी हा बेताचा फरक दिसतो, पण जनावर मरणे आणि जखमी होणे ह्यांत एवढेच अंतर असते. म्हणून ज्या काडतुसाने काम करावयाचे त्याच काडतुसाने आधी लक्ष्यावर नेम पडताळून घ्यावा. एका कारखान्याच्या काडतुसाने नेम जुळवून ऐन वेळी दुसरेच काडतूस भरणे ही नित्याची चूक आहे. शिवाय चुकलेली रायफलीची गोळी हवेत सुटली तर ती तीन किलोमीटरपर्यंतही जाऊ शकते. पांढुर्णा-सौंसरच्या शिवारात वस्त्या दूर नाहीत. बागेबागेत राखणदाराची झोपडी आहे. म्हणून बार काढावयाचा तो उंच मचाणावरून खाली, चुकलेली गोळी जमिनीतच रुतेल अशा बेताने. पाचोळा वाजला म्हणून त्या दिशेने गोळी झाडणे हा तर शुद्ध अविचार. पाचोळ्यात शेजारचा जागल्याही असू शकतो.

आणि गोळी लागल्यावर? जनावर पडले नाही तर लगेच मागे धावू नये. थोडा वेळ थांबून, उजेड घेऊन, एकट्याने न जाता रक्ताचा माग काढावा आणि वनखात्याच्या माणसांना कळवावे. जखमी जनावर तसेच सोडून घरी येणारा माणूस पिकाचे रक्षण करीत नाही. दुसऱ्याच्या जिवाला घोर लावून ठेवतो.

ही सारी दक्षता पाहिली म्हणजे बंदूक हा शेवटचा उपाय का, हे सहज ध्यानी येते. पण बंदुकीची परवानगी मिळत नाही म्हणून काही जण कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात, आणि त्या तारेला डुकराऐवजी पहाटे पाणी द्यावयास गेलेला माणूस चिकटतो. विदर्भात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अशा मृत्यूंच्या बातम्या दर हंगामात वाचावयास मिळतात. तारेला माणूस ओळखता येत नाही. काडतुसाच्या निवडीत जी विवेकबुद्धी लागते, तिचा येथे लवलेशही नसतो. म्हणून हा मार्ग गुन्ह्याचा तर आहेच, शिवाय तो भ्याडपणाचाही आहे.

केवळ गोळीने हा प्रश्न सुटेल अशीही आशा धरू नये. रानडुकरीण एका वितीला चार-सहा पिले देते. दोन-चार डुकरे मारली तर मोकळी झालेली जागा लवकरच भरून निघते. बिहारात मोकामा येथे २०१६ साली परवानगीने दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या आणि देशभर वादळ उठले. उलट २०२५ साली मध्य प्रदेशातच, शाजापूरच्या बाजूला, हेलिकॉप्टरने हाकून शेकडो काळवीट व काही नीलगायी जिवंत पकडण्यात आल्या आणि दूरच्या जंगलात सोडण्यात आल्या. सर्वत्र हे साधेल असे नाही. परंतु गावाने मिळून घातलेले पक्के कुंपण, आळीपाळीची जागल, आणि नुकसानीचा पंचनामा वेळेवर करून घेण्याची तत्परता ह्या गोष्टी पांढुर्ण्यातही साधू शकतात, सौंसरातही.

माळ्यावर बसलेल्या शेतकऱ्याला पहाटेपर्यंत जागावयाचे असते, ते आपल्या घामाची राखण करण्यासाठी. त्याच्या हाती बंदूक आलीच, तर तिच्यात कोणते काडतूस भरावे हे त्याला कळावयास हवे. आणि ती कधी भरू नये, हे तर त्याहूनही आधी कळावयास हवे.